भाकरीचा हिशेब



डिसेंबरातल्या पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात भोजनदान होते. पुरी, बटाट्याची भाजी, भात आणि बुंदी हा आमचा वर्षानुवर्षांचा ठरलेला बेत. या खेपेला महिला मंडळाच्या बैठकीत मीच तोंड उघडले आणि म्हणालो, ज्वारीची भाकर, पिठले, करडईची भाजी आणि जवसाची चटणी करू या. तेल कमी लागेल, पैसा वाचेल आणि सगळे जिन्नस आपल्याच जिल्ह्यातले होतील. बोलायला काय जाते! भाकरी थापायच्या बायांनी. तरी त्यांनी मोठ्या मनाने हो म्हटले. चाळीस घरांनी प्रत्येकी दहा भाकरी आणायच्या असे ठरले.

वंदना झाली, पंगत बसली. पहिल्या ओळीत आमच्या वस्तीतले सर्वांत वडीलधारे आबा बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्य हमालीत गेलेले, शुभ्र सदरा-धोतर. त्यांच्या पत्रावळीवर भाकर पडली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी केली, परत खाली ठेवली आणि काही न बोलता ते उठून गेले. आधी वाटले, तब्येत बरी नसेल. मग त्यांचा नातू येऊन म्हणाला, “काका, आबा लई नाराज झालेत.”

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर त्यांच्या घरी गेलो. आबा अंगणात बाजेवर बसले होते. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय आखडून घेतले.

“बाळा,” ते म्हणाले, “टोपली घिऊन दारोदार भाकर मागितली म्या. माझ्या बापासंगं. शिळे तुकडे वरून टाकायचे लोक. पाटलाच्या वाड्यापुढं उभं ऱ्हायचं आन् ‘येसकराला भाकर वाढा, माय’ म्हणून वरडायचं. बाबासाहेबांनी सांगितलं तवा ती टोपली फेकली. आन् आता तू आमच्याच विहारात मला भाकर वाढतूस?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. हिशेबाच्या वहीत न बसणारी रक्कम समोर यावी तसे झाले. चहा प्यालो आणि घरी आलो.

हे सगळे सांगायचे कारण असे की, आहार आणि पर्यावरण या विषयावर हल्ली पुष्कळ लिहिले जाते. भरडधान्य खा, स्थानिक खा, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष, वगैरे. लिहिणाऱ्यांच्या ताटात भाकर कधी सक्तीने आलेली नसते. आपल्या ताटात ती कशी आली हे आबांसारख्यांना विचारावे लागते. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले, ते २०१५ साली आले. आपले अन्न हा लाजेचा विषय नसून लिहिण्याचा विषय आहे हे त्यामुळे अनेकांना प्रथमच कळले. मलाही.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना उष्टे-शिळे मागून खाणे सोडा म्हणून सांगितले. ज्वारी सोडा असे ते म्हणाले नव्हते. अपमान दाण्यात नव्हता, वरून टाकणाऱ्या हातात होता. स्वतःच्या मजुरीच्या पैशाने मोंढ्यातून आणलेली, आपल्या चुलीवर भाजलेली भाकर आणि येसकराच्या टोपलीतली भाकर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पण हे मी चाळिशीतला, पोटभर जेवलेला माणूस म्हणतो. आबांना ते पटावे अशी घाई करण्याचा मला अधिकार नाही.

आता हिशेबाकडे वळतो. माझी नोकरी कारकुनाची, शिक्षण बी.कॉम., तेव्हा हिशेब सुटत नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले होते. आपल्या जिल्ह्यातही टँकरच्या मागे घागरी घेऊन पळणाऱ्या आया-बहिणी या वाचकांतच असतील. गोदावरी आपल्या पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या अंगाखांद्यावरून वाहते. जायकवाडीचा डावा कालवा आपल्याकडे येतो, जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. तरीही उन्हाळ्यात घसा कोरडा. पाऊस कमी झाला हे खरेच. पण पडलेल्या पाण्याचे काय केले, हाही प्रश्न आहे.

ज्वारीच्या पिकाला सगळ्या हंगामात ४००-५०० मिलिमीटर पाणी पुरते. रब्बीची ज्वारी तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि काळ्या जमिनीने पावसाळ्यात पिऊन ठेवलेल्या ओलीवर ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी राहते. वरून एक थेंब नाही दिला तरी कणीस धरते. ऊस बारा ते अठरा महिने रानात असतो आणि त्याला २००० मिलिमीटरच्या वर पाणी लागते. भाताच्या खाचरात तर पाणी साचवूनच ठेवावे लागते आणि त्या साचलेल्या पाण्यातून मिथेन नावाचा वायू निघतो, जो हवा तापवतो. रेशनचा गहू-तांदूळ पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश असा दूरवरून येतो. पंजाबात भातासाठी बोअर इतके मारले की जमिनीखालचे पाणी खोल-खोल चालले आहे. म्हणजे आपण परभणीत बसून जो भात खातो, त्यात कोणाच्या तरी विहिरीचे पाणी आटलेले असते. आणि आपल्या घरामागच्या रानात पाण्याविना येणारी ज्वारी मात्र कोणी पेरीना.

का पेरीना? शेतकऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. खरिपाची ज्वारी ऐन काढणीला पाऊस आला की काळी पडते. पाखरे राखावी लागतात. कापणी, खुडणी, मळणी, सगळी कामे हाताची. सोयाबीन शंभर दिवसांत निघते आणि मोंढ्यात नेले की नगदी पैसे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या रानातून खरिपाची ज्वारी, मूग, उडीद हटले आणि जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन आणि कापूस झाला. पण ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला तशी दारातली गाय-म्हैस गेली, शेण गेले, खत गेले. मग खताच्या गोण्या उधारीवर. एक पीक गेले की किती गोष्टी त्याच्या मागे जातात, ते ज्याचे घर शेतात राबते त्यालाच कळते.

माझी माय १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर ती आपल्या आईसोबत जायची. तिथे सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. “तिची भाकर घशाखाली उतरत नव्हती,” असे ती अजून सांगते. त्यानंतर संकरित ज्वारी आली, जिला सगळे ‘हायब्रीड’च म्हणत. तीही तिला आवडली नाही, पण पोटे तिनेच भरली. त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, आपल्या परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. याच विद्यापीठाने परभणी मोती ही रब्बी ज्वारी दिली, परभणी क्रांती ही भेंडी दिली. आणि २०१८ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेबरोबर परभणी शक्ती ही ज्वारी दिली. तिच्यात किलोला सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. नेहमीच्या ज्वारीत लोह ३० आणि जस्त २० च्या आसपास असते.

हे आकडे मी उगाच देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आहे. माझी स्वतःची मुलगी नववीत असताना शाळेत चक्कर येऊन पडली. तपासले तर हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या घ्यायलाच हव्यात. कोणी भाकरी खाऊन गोळ्या बंद करू नयेत. पण ते डॉक्टर तिला “बाळ, सकाळी काय खातेस?” असे विचारू लागले तेव्हा मी खाली पाहिले. ती चहा आणि पाच रुपयांचे पाकीट खाऊन शाळेत जात होती. कारकुनाच्या घरात, पगार वेळेवर येणाऱ्या घरात.

पाकिटांबद्दल थोडे सविस्तर लिहू द्या. आमच्या वस्तीच्या मागून नाला जातो. पावसाळ्याआधी आम्ही तरुण मंडळाची पोरे घेऊन तो उपसला. गाळाखालून काय निघावे? चमचमणारी पाकिटे. लाल, पिवळी, हिरवी. काही इतकी जुनी की आतला खाऊ बनवणारा कारखानाही बहुधा बंद पडला असेल, पण पाकीट तसेच नवे कोरे. हे पाकीट एका पदार्थाचे नसते, प्लास्टिक आणि धातूचा मुलामा यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. म्हणून भंगारवाला ते घेत नाही. लोखंड घेतो, पुठ्ठा घेतो, बाटली घेतो, हे घेत नाही. मग ते नाल्यात जाते, नाला तुंबतो, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी घुसते ते आपल्याच घरात. सरकारने २०१८ साली प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आणली. ही पाकिटे मात्र दुकानाच्या दारात माळेसारखी लटकलेलीच आहेत.

त्या दिवशी नाल्याच्या काठावर बसून मी हिशेब मांडला. घरात दोन लेकरे. प्रत्येकी दिवसाला एक पाकीट, पाच रुपये. दिवसाचे दहा, महिन्याचे तीनशे. ज्वारी चाळीस रुपये किलो धरली तर तीनशे रुपयांत साडेसात किलो. किलोच्या दहा भाकरी धरा, पंच्याहत्तर भाकरी होतात. पाकिटातला खाऊ मात्र हवेसकट तोलला तरी साडेसात किलो भरणार नाही. लेकराला खाऊ लागतोच, त्याला भाकरीवर ढकलून चालणार नाही. त्याला ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, शेंगदाणा-गूळ, उरलेल्या भाकरीचा चुरमा, हिवाळ्यात हुरडा. सुरुवातीचे आठ दिवस घरात रडारड झाली, हे लपवत नाही. धाकट्याने आजीकडून पैसे घेऊन पाकिटे आणली आणि मायनेही दिले. आजींपुढे कोणाचा हिशेब चालतो?

आता रेशनचे. काही सुशिक्षित बांधव मला म्हणाले, रेशनचा गहू-तांदूळ घेऊ नका असे लिहा. मी असे मुळीच लिहिणार नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा आहे, अंत्योदय कार्डाला महिन्याला पस्तीस किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य हा आपला हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. ज्या घरात चूल पेटण्याचीच पंचाईत, त्या घराला पर्यावरण शिकवणारा माणूस मला निर्लज्ज वाटतो. धान्य घ्या, पावती घ्या, तोलून घ्या. पण एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. त्याच कायद्यात गहू, तांदूळ आणि भरडधान्य अशी तीन नावे आहेत. शेजारच्या कर्नाटकात रेशनवर नाचणी आणि ज्वारी दिली जाते. आपल्याकडे भरडधान्य खरेदी केंद्रे उघडतात, अधूनमधून रेशनवर ज्वारी येतेही, पण नेहमीचा रिवाज गहू-तांदळाचाच. केंद्र सरकारने २०२४-२५ साठी संकरित ज्वारीला क्विंटलला ३३७१ रुपये हमीभाव जाहीर केला होता. त्या भावाने जिल्ह्यातली ज्वारी जिल्ह्यातच विकत घ्या आणि जिल्ह्यातल्याच रेशन दुकानातून द्या, अशी मागणी आपण तहसीलदारांकडे लेखी का करू नये? अर्जाचा मसुदा मी करून देतो. अर्ज लिहिणे हे एकच काम मला धड येते.

ही मागणी आपल्या फायद्याची आहे, याचे आणखी एक कारण. गायरान कसणारी पुष्कळ घरे आपली आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. ज्यांच्या नावावर झाली त्यांची झाली, बाकीचे अजून कागद घेऊन फिरतात. पण जमीन कोणती मिळाली? मुरमाड, उंचावरची, विहीर नसलेली. तिच्यावर ऊस येत नाही. तिच्यावर येते ज्वारी, तूर, मटकी, करडई. पाणी न पिणाऱ्या पिकांना गिऱ्हाईक मिळाले तर सर्वांत आधी चार पैसे या घरांत येतील. आमच्या मंडळातल्या सहा घरांनी मागल्या मार्चमध्ये जिंतूर तालुक्यातल्या एका नात्यातल्या कुटुंबाकडून चार पोती ज्वारी थेट घेतली. भाडे वाटून घेतले. मोंढ्यातल्या भावापेक्षा त्यांना थोडे जास्त मिळाले आणि आम्हाला दुकानापेक्षा थोडे स्वस्त पडले. पहिल्या वेळी एका पोत्यात किडे झाले, कारण ऊन न देता आम्ही ती तशीच कोठीत भरली. मायने शिव्या घातल्या. आता कडुनिंबाचा पाला वाळवून घालतो.

करडईचेही तसेच. करडई काटेरी, तिच्या मुळ्या खोल जातात आणि रब्बीत उरलेल्या ओलीवर ती येते. आपल्या विद्यापीठाने परभणी कुसुम नावाचे तिचे वाणही काढले. एके काळी मराठवाड्यात घरोघरी करडईचे तेल असे. आता पिशवीतले तेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा, इंडोनेशिया-मलेशियातले. तिथे या झाडांच्या बागांसाठी जंगले तोडली, जाळली गेली. २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यातही एक लिटर पामतेल होते. करडईचे तेल महाग आहे, पूर्ण महिन्याचे परवडत नाही. माझ्याही घरी परवडत नाही. आम्ही एवढेच केले की तळण महिन्यातून दोनदाच करतो आणि त्यातून वाचलेल्या पैशात लिटरभर घाण्याचे करडई तेल आणतो. ते कच्चे, पिठल्यावर आणि चटणीवर.

मटणाबद्दल कोणी विचारील, म्हणून सांगून टाकतो. पर्यावरणासाठी मांस सोडा असे सांगणारे लेख मीही वाचतो. २०१५ च्या कायद्याने गरिबाच्या ताटातले स्वस्त मांस आधीच काढून घेतले आहे. आठवड्याला पावशेर मटण सहा जणांत खाणाऱ्या घरामुळे पृथ्वी तापली, असे मला वाटत नाही. हा विषय इथेच थांबवतो.

भाज्यांविषयी मात्र मन भरून येते. खुरपायला गेलेल्या बाया संध्याकाळी ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी घेऊन यायच्या. मजुरीही आणि भाजीही. आता रानावर तणनाशक मारतात. तण जळते, त्यासोबत खुरपणीची मजुरी जळते आणि कालवणही जळते. एका फवाऱ्यात तीन गोष्टी. आणि बायांनो, फवारलेल्या रानातली भाजी चुकूनही खुडू नका. घराच्या मोरीच्या पाण्यावर दोन हात जागेत घोळ, शेपू, अंबाडी येते. तुटक्या बादलीतसुद्धा येते. मात्र साबणाचे पाणी नको, भाज्या धुतलेले असावे.

आता ज्या गोष्टीसाठी मला ओरडा बसणार ती. भाकर थापणे हे कष्टाचे काम आहे. पहाटे कापूस वेचायला निघणाऱ्या बाईने आधी वीस भाकरी थापायच्या आणि घरातल्या गड्याने वर्तमानपत्र वाचत भरडधान्याचे महत्त्व सांगायचे, हे चालणार नाही. मी शिकलो. पहिल्या महिन्यात माझी भाकर नकाशासारखी व्हायची, एकदा तर श्रीलंका वेगळी झाली. आता गोल होते, फुगते मात्र लहरीप्रमाणे. पीठ ताजे असावे आणि पाणी उकळते घालावे, एवढे दोन नियम पाळले तर पुरुषालाही जमते. जमत नाही म्हणणाऱ्याने पीठ तरी मळून द्यावे.

त्या पौर्णिमेच्या भोजनदानात आणखी एक चूक झाली होती. भाकरी सकाळी सात वाजता झाल्या आणि पंगत बसली दुपारी एक वाजता. त्या कडक झाल्या. लहान पोरांनी अर्ध्या टाकल्या. टाकलेल्या भाकरी मी स्वतः गोळा केल्या, एक गोणीभर निघाल्या, त्या म्हशींना गेल्या. आबा उठून गेले त्यामागे ही शिळ्यासारखी कडक भाकर असेल का, हे मला नंतर सुचले. गरम असती तर? सांगता येत नाही.

दोन आठवड्यांनी रविवारी आबा स्वतः आमच्या घरी आले. मी तव्यापाशी होतो. ते उंबऱ्यात थबकले आणि बराच वेळ पाहत राहिले.

“बापे बी भाकरी थापाय लागले का?” असे म्हणून हसले. मायने त्यांना बसायला पाट दिला. मी तव्यावरची काढून ताटात वाढली, वर करडईचे तेल आणि चटणी. या वेळी मी काही बोललो नाही. त्यांनी वाफ जाऊ दिली, तुकडा मोडला. अर्धी खाल्ली, मग उरलेली. दुसरी वाढू का विचारले तर म्हणाले, “वाढ की.”

माघी पौर्णिमेचा बेत परत ठरला आहे. या वेळी भाकरी घरून आणायच्या नाहीत. विहारामागे तीन चुली मांडू, तवे मंडळाचे, पीठ जिंतूरच्या ज्वारीचे. पंगतीच्या अर्धा तास आधी थापायला बसायचे, बाया निम्म्या आणि गडी निम्मे. ज्यांना भाकर नको त्यांच्यासाठी भात वेगळा केलेला असेल, कोणाला का म्हणून विचारायचे नाही. प्रत्येकाने आपले ताट-वाटी घरून आणावी. आबांनी चुलीसाठी सरपण देतो म्हणून निरोप पाठवला आहे.